ली मिलरबाई, तो दिवा कुणी लावला?

मिलरबाई,

पॅरिसच्या त्या डार्करूममध्ये तुमच्या पायावरून काहीतरी सुळकन गेलं. उंदीर होता की आणखी काही, हे तुम्हांलाही कळलं नाही. तुम्ही किंचाळलात आणि दिवा लावलात. डार्करूममध्ये जी एकच गोष्ट कधीही करायची नसते, नेमकी ती. डेव्हलपरमध्ये डझनभर निगेटिव्ह पडल्या होत्या. काळ्या पडद्यापुढे काढलेल्या एका विवस्त्र देहाच्या. फोटोग्राफर मॅन रे, तुमचे गुरू आणि प्रियकर, धावत आले, त्यांनी त्या उचलून हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावात, टाकल्या आणि मग निरखून पाहिल्या. पार्श्वभूमी काळवंडली होती, पण देहाच्या कडेशी येऊन थबकली होती, आणि मधे केसाएवढी एक रेघ उरली होती.

ही गोष्ट १९२९ च्या आसपासची. त्या रेघेची कारणमीमांसा मी विद्यार्थ्यांना सांगतो ती अशी: काळ्या पडद्यावरून उजेड परतलाच नव्हता, म्हणून निगेटिव्हमध्ये ती जागा कोरी, पारदर्शक होती. तुमच्या दिव्याने ती काळी केली. देहाचा भाग आधीच बराचसा उमटून झाला होता, त्याला फारसं काही झालं नाही. दोघांच्या हद्दीवर मात्र डेव्हलपिंगमधून सुटलेलं ब्रोमाइड साचलं होतं. त्याने तिथलं काम रोखून धरलं. प्रिंटमध्ये त्या जागी बारीक काळी कडा आली, कुणी शिसपेन्सिलीने देह गिरवावा तशी.

पुस्तकांत याला सोलरायझेशन म्हणतात आणि शेजारी मॅन रे यांचं नाव छापतात. चोखंदळ लोक सांगतील, की आर्मां साबातिए नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १८६२ च्या सुमारासच हा चमत्कार लिहून ठेवला होता. ठेवला असेल. पण दुसरा उजेड कधी द्यायचा, किती द्यायचा, त्यातून गालाभोवती अशी प्रभावळ कशी उभी करायची, हे तुम्ही दोघांनी मिळून बसवलं. दोघांनी. मला या पत्रात त्या एका शब्दाबद्दलच बोलायचं आहे, आणि ते बोलण्याचा मला अधिकार किती हेही तपासायचं आहे. कारण जवळजवळ आयुष्यभर मी दिव्यामागेच उभा राहिलो.

माझा स्टुडिओ पुण्यात, एका पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. स्टुडिओ म्हणजे एक हॉल आणि कपडे बदलायला पार्टिशन. छत साडेनऊ फुटांवर, त्यामुळे हेअर लाइटचा स्टँड वर केला की तो ट्यूबलाइटवर आपटतोच. दागिने, पैठण्या, मसाल्यांची पाकिटं, नाटकवाल्यांचे हेडशॉट. जे येईल ते काढतो. दोन सॉफ्टबॉक्स, एक छत्री, एक स्नूट, बटर पेपर लावलेली एक लाकडी चौकट, आणि थर्माकोलचे चार पत्रे. या पत्र्यांना एका अंगाला काळा रंग दिलाय. पांढरी बाजू उजेड परतवते, काळी बाजू पिऊन टाकते. हजारो रुपयांच्या दिव्यांपेक्षा या पत्र्यांनी माझा संसार जास्त चालवलाय, असं मी गमतीने म्हणतो. पण ते खरं आहे.

कामाला सुरुवात केली मुंबईत, एका बड्या फोटोग्राफरच्या हाताखाली. त्यांचं नाव सांगत नाही. त्यांच्याकडे मी तीन वर्षं होतो आणि त्यातली निम्मी वर्षं मी स्टूल होतो. म्हणजे मॉडेल यायच्या आधी दिवे बसवताना तिच्या जागी कुणीतरी बसावं लागतं, तो कुणीतरी मी. मॉडेलिंग लॅम्पच्या धगीत तासतासभर बसायचं, हनुवटी सांगतील तिकडे वळवायची. एकदा मी म्हणालो, "सर, डाव्या डोळ्यात चमक येत नाहीये, मला दिवा दिसतच नाहीये." साहेबांनी लाइटदादांकडे पाहिलं, लाइटदादांनी माझ्याकडे पाहिलं, आणि विषय संपला. स्टूल बोलत नसतं.

डोळ्यातली चमक म्हणजे बाहुलीत पडलेलं दिव्याचं प्रतिबिंब. बसणाऱ्याला दिवा दिसत नसेल तर दिव्यालाही त्याचा डोळा दिसत नाही. इतका साधा हिशेब. तो कॅमेऱ्यामागच्या माणसाला आरपार बघून काढावा लागतो. समोर बसलेल्याला तो नुसता बसल्याजागी कळतो.

तुम्हांला हे सगळं माझ्या कितीतरी आधी कळलं होतं. वडील हौशी फोटोग्राफर, त्यामुळे अमेरिकेतल्या पोकीप्सीच्या घरात लहानपणापासून तुम्ही भिंगासमोर उभ्या. मग विशीच्या उंबरठ्यावर न्यूयॉर्कच्या रस्त्यावर गाडीखाली येता येता तुम्हांला एका गृहस्थाने मागे ओढलं आणि ते निघाले 'व्होग'चे मालक काँडे नास्ट. कादंबरीत लिहिलं तर संपादक कापून टाकेल असा योगायोग. मार्च १९२७ च्या 'व्होग'च्या मुखपृष्ठावर तुमचं चित्र आलं, जॉर्ज लपाप यांनी काढलेलं. मग एडवर्ड स्टायकेन यांच्यापुढे तुम्ही उभ्या राहिलात. स्टायकेन म्हणजे त्या काळात दिव्यांचा बादशहा. खिडकीच्या उजेडावर भागवण्याचे दिवस मागे टाकून विजेच्या दिव्यांचा अख्खा ताफा स्टुडिओत नाचवणारा माणूस. पुढे पॅरिसमध्ये फोटोग्राफर हॉयनिंगेन-ह्यूने. त्यांच्या दिव्यांत देह संगमरवरी पुतळ्यासारखा गोलाई घेऊन उभा राहतो. तुमची शाळा ही. लोक म्हणतात तुम्ही मॅन रे यांच्याकडे फोटोग्राफी शिकलात. मला वाटतं, तुम्ही अर्धी त्याआधीच शिकून आला होता, फक्त उलट्या बाजूने.

आणि उलट्या बाजूने शिकलेलं जास्त टिकतं, असं माझं मत होत चाललंय.

बसणारी व्यक्ती उजेडाचं काय करते, हे आकड्यांत सांगतो. दिवा तिच्यापासून तीन फुटांवर आहे समजा. ती बोलता बोलता सहज फूटभर पुढे झुकली. अंतर दोन फूट झालं. उजेड अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणजे तिच्या गालावर आता सव्वादोनपट उजेड पडतोय. एक स्टॉपहून, म्हणजे दुपटीहून, जास्त. मी लाइटच्या मागे जाऊन बटण फिरवलं असतं तर त्याला 'लाइटिंग बदललं' म्हणाले असते. ती झुकली त्याला आपण 'हलली' म्हणतो. किंवा रेम्ब्रांट लाइटिंग घ्या. दिवा एका बाजूला आणि वर. नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळते आणि अंधाऱ्या गालावर, डोळ्याखाली, उजेडाचा एक त्रिकोण उरतो. हा त्रिकोण म्हणजे आम्हा लोकांचा मोठा अभिमान. पण तो कुणाच्या हातात असतो? तिने मान बोटभर वळवली की नाक आडवं येतं आणि त्रिकोण पुसला जातो; उलट बाजूला वळवली की सावल्या सुटतात आणि तो उघडून सांडतो. मी दिवा एकदा लावला. त्रिकोण ती दर क्षणी लावत असते.

तुम्ही न्यूयॉर्कला परतून स्वतःचा स्टुडिओ थाटलात त्याच वर्षी, १९३२ मध्ये, 'शांघाय एक्सप्रेस' हा सिनेमा आला. त्यातली मार्लेन डीट्रिख आठवा. दिवा अगदी समोर, बराच वर. नाकाखाली फुलपाखरासारखी छोटी सावली, गालांची हाडं कोरून काढलेली. या बाई सेटवर आपल्या दिव्याची जागा आपणच सांगू शकत, इतकं त्यांनी दिग्दर्शक श्टेर्नबर्ग यांच्याकडून उचललं होतं. नटीला दिव्यातलं कळतं याची तेव्हा लोक आख्यायिका करून सांगत. सुताराला लाकडातलं कळतं याची कुणी आख्यायिका करतं का?

आमच्याकडेही दिव्यांचे कारागीर मोठे झाले, तुमच्या कानावर आले नसतील. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या जे. एच. ठक्कर यांनी दादरमध्ये १९४८ साली इंडिया फोटो स्टुडिओ उघडला आणि हिंदी सिनेमाच्या नट-नट्यांचे असे काही फोटो काढले, की काळोख हाच त्यातला निम्मा दागिना. नंतरच्या पिढीत गौतम राजाध्यक्ष. जाहिरातीच्या धंद्यातून आलेले, २०११ साली गेले. त्यांचं 'चेहरे' हे पुस्तक आमच्या मराठी घरांतल्या कपाटात सापडतं. त्यांचा उजेड मऊ. मऊ उजेडाचं गणितही सोपं आहे: दिवा चेहऱ्याच्या मानाने जितका मोठा आणि जवळ, तितकी सावलीची कड विरघळते. पण त्यांचे फोटो पाहताना मला दिवा दिसत नाही, गप्पा दिसतात. समोरचा माणूस नुकतंच काहीतरी सांगून थांबलाय, असं वाटतं. त्या गप्पा कोणत्या लाइट मीटरवर मोजायच्या?

बरं, आता कटू विषय. १९२८ साली स्टायकेन यांनी काढलेला तुमचा एक फोटो एका जाहिरातीत झळकला. जाहिरात कोटेक्सच्या सॅनिटरी नॅपकिनची. तुम्हांला कुणी विचारलं नव्हतं. त्या काळात पाळीशी संबंधित वस्तूच्या जाहिरातीत जिवंत, ओळखू येणाऱ्या बाईचा फोटो छापणं म्हणजे केवढा गहजब! तुम्ही आधी संतापलात, आणि पुढे त्या गहजबाचीच तुम्हांला गंमत वाटू लागली म्हणतात. तुमचा स्वभाव पाहता पटतं. पण गंमत वाटणं ही तुमची मर्जी होती. परवानगी ही आधी घ्यायची गोष्ट.

फोटो विकला गेला की तो कुठे जाईल हे बसणाऱ्याच्या हातात राहत नाही. आजही राहत नाही. माझ्याकडे नथ घालून बसलेल्या एका मुलीचा फोटो वर्षभराने तिला विरारच्या लोकलमधल्या कसल्याशा मलमाच्या जाहिरातीत दिसला. मी विकला नव्हता, पण ज्याला दिला त्याने पुढे विकला आणि माझ्या कागदावर त्याला मज्जाव करणारी ओळ नव्हती. तिने फोन केला तेव्हा मी पहिलं वाक्य काय बोललो माहितीये? "चांगला आलाय ना पण?" त्या वाक्याची मला अजून लाज वाटते. तेव्हापासून माझ्याकडे एक पानी मराठी करार असतो, कुठे छापणार, किती काळ, आणखी कुठे द्यायचा झाला तर पुन्हा विचारणार. शूटच्या आधी तो चहाबरोबर वाचायचा. शूटनंतर नाही, शूटनंतर माणूस दमलेला असतो आणि सही करून टाकतो.

आमच्या मराठीत २०१८ साली 'न्यूड' नावाचा सिनेमा आला, रवी जाधव यांचा. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात विद्यार्थ्यांपुढे मॉडेल म्हणून बसणाऱ्या बाईची गोष्ट. ती मुलापासून आपलं काम लपवते. सिनेमागृहातून बाहेर पडताना माझ्या डोक्यात भलताच हिशेब सुरू होता: कॅनव्हासच्या एका कोपऱ्यात ज्यांची सही असते त्यांची नावं आपल्याला पाठ असतात. कॅनव्हासभर जी असते तिचं?

म्हणून तुमच्या मानेची गोष्ट मला सतत टोचते. मॅन रे यांनी १९३० च्या सुमारास तुमचा एक फोटो काढला, डोकं मागे टाकलेलं, मान ताणलेली, चेहरा जवळजवळ दिसतच नाही. त्यांना निगेटिव्ह आवडली नाही, त्यांनी ती टाकून दिली. तुम्ही ती उचललीत, हवी तशी कापलीत, मेहनतीने प्रिंट केलीत. प्रिंट सुंदर उतरली. मग प्रश्न आला, ही कुणाची? फोटो त्यांनी काढलेला, मान तुमची, आणि चित्र जन्माला आलं तुमच्या हातांनी. भांडण इतकं पेटलं की तुम्हांला बाहेर काढलं गेलं. परत आलात तेव्हा प्रिंट भिंतीला टाचलेली, गळ्यावर ब्लेडने वार, आणि लाल शाई ओघळलेली. अशी हकिकत सांगतात.

मी ती हकिकत वाचून आधी मॅन रे यांच्यावर चिडलो. दुसऱ्यांदा वाचताना मला स्वतःची चाहूल लागली. टाकून दिलेल्या गोष्टीतून दुसऱ्याने काही काढलं की आपण तिच्यावर हक्क सांगायला धावतो, ही खोड एकट्या मॅन रे यांची नाही. आणि तुम्ही त्यांच्या वाट्याची फॅशनची कामंही करत होता, त्यांना चित्रं रंगवायला वेळ मिळावा म्हणून. छापून यायची त्यांच्या नावाने. त्याबद्दल तुम्ही फारशी तक्रार केल्याचं दिसत नाही. मी मात्र तुमच्या वतीने थोडी करतो, हरकत नसावी.

तुम्ही सोडून गेलात, तेव्हा त्यांनी आपल्या जुन्या मेट्रोनोमच्या काट्यावर तुमच्या डोळ्याचा फोटो लावला. टिक, टिक, डोळा इकडून तिकडे. प्रेमभंगाची कलाकृती म्हणून जग ती पाहतं. मी पाहतो ते असं: एका फोटोग्राफरने आपल्या मॉडेलला शेवटी एक डोळा करून टाकलं. आणि हा तोच डोळा, जो तेव्हा न्यूयॉर्कमध्ये स्वतःच्या कॅमेऱ्यातून बघत होता!

न्यूयॉर्कचा तुमचा स्टुडिओ दोनच वर्षं चालला, भाऊ एरिक मदतीला. मला त्या काळातलं तुमचं एक चित्र फार आवडतं: मेरी टेलर या अभिनेत्रीचं काळोखात तरंगणारं डोकं, १९३३ चं. बाकी देह नाही, खुर्ची नाही, काही नाही. असा फोटो काढायचा तर उजेड चेहऱ्याबाहेर सांडू द्यायचा नाही, म्हणजे दिव्याला चारी बाजूंनी अडवायचं. आमच्याकडे त्या अडवणाऱ्या काळ्या पत्र्याला कटर म्हणतात. पण उजेडाची ती चिमुकली जागा सांभाळायची तर बसणारीने श्वासाचाही अंदाज ठेवला पाहिजे. चार बोटं इकडे तिकडे, की अर्धा गाल गडप. तुम्ही तिला काय सांगितलं असेल? मला राहून राहून वाटतं, तुम्ही "हलू नकोस" म्हणाला नसणार. तुम्ही म्हणाला असाल, "उजेड कपाळावर लागतोय ना? तो तिथेच लागत राहू दे." दिवा अंगावर घेतलेल्या माणसालाच असं सांगता येतं.

माझ्याकडे गेल्या पावसाळ्यात जी गोष्ट घडली तिच्यासाठीच खरं तर हे पत्र.

एका सराफी पेढीचं काम होतं. मॉडेल म्हणून आलेली मुलगी प्रायोगिक नाटकांत कामं करणारी, वर्णाने चांगली सावळी. सावळ्या रंगाशी आमच्या धंद्याचं वागणं तुम्हांला सांगायला हवं. कोडॅकच्या लॅबमध्ये रंग जुळवायला एक कार्ड असायचं, शर्ली कार्ड. त्यावर गोरी बाई. तिचा रंग बरोबर आला की सगळ्या जगाचा रंग बरोबर, असा कारभार अनेक दशकं चालला. निरनिराळ्या वर्णांच्या बायका त्या कार्डावर आल्या तेव्हा १९९० चं दशक अर्धं सरलं होतं. आमच्या गल्लीतल्या लॅबला तर कार्डाचीही गरज नव्हती. काउंटरवर लोकच सांगायचे, "जरा उजळ काढा." मग चेहरा राखेसारखा यायचा आणि लोक समाधानाने पैसे द्यायचे. मीही कित्येक वर्षं तेच केलं, दिव्याची ताकद वाढवत राहिलो.

खरी रीत उलटी आहे. कातडीवरून उजेड दोन प्रकारे परततो: थोडा आत जाऊन रंग घेऊन, आणि थोडा पृष्ठभागावरूनच, पाण्यावरून यावा तसा, तकाकी होऊन. गडद वर्णात पहिला हिस्सा कमी असतो, त्यामुळे चेहऱ्याचे चढउतार दुसरा हिस्सा सांगतो. म्हणून ताकद वाढवण्यापेक्षा मोठा दिवा बाजूने, जवळ आणायचा, त्याचं लांबट प्रतिबिंब गालाच्या हाडावर, नाकाच्या दांडीवर झळकू द्यायचं. सावळा चेहरा मग तांब्याच्या घागरीसारखा आतून उजळतो. हे मला कळायला वीस वर्षं लागली. त्या मुलीला माहीत होतं. रंगमंचावर दिव्याखाली उभं राहून राहून तिला ते कळलं होतं. आल्या आल्या म्हणाली, "सर, पावडर नको. आणि समोरचा लाइट जरा कडेला घ्याल का? समोरून आला की मी सपाट होते."

मी घेतला. मोठेपणा नव्हता त्यात, ती बरोबर बोलत होती.

दुपारी जेवणं झाली. आम्ही पेढीचे ठरलेले फोटो संपवले होते. मी विचारलं, अजून तासभर आहे, काही वेगळं करू या का? ती म्हणाली, "आमच्या घरी आई भांडी घासून मोरीच्या कट्ट्यावर पालथी घालायची. दुपारी ऊन यायचं आणि छतावर उजेडाचे मासे पोहायचे. तसा लाइट चेहऱ्यावर येतो का?"

मिलरबाई, मी तीस वर्षं दिव्यांत काढली आणि असा प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता. शेजारच्यांकडून पितळी परात आणली. तिच्या तळाशी फुटक्या आरशाचे तुकडे टाकले, वर दोन बोटं पाणी. पहिले पाच-सहा फोटो फसले. चूक माझी होती. मी सवयीने सॉफ्टबॉक्समधूनच उजेड टाकत होतो. मोठ्या मऊ दिव्याने पाण्यातली कडा मरते. सॉफ्टबॉक्स काढला, नागवा दिवा लांब नेला, तेव्हा कुठे तिच्या गळ्यावर उजेडाचं जाळं उमटलं. पुढची अडचण अशी की फ्लॅशचा झटका एवढा छोटा, की पाणी बर्फासारखं गोठलेलं दिसे. मग फ्लॅश बंद करून सतत जळणारा एलईडी लावला आणि शटर सेकंदाच्या आठव्या भागापर्यंत उतरवलं. आता पाणी हलत राहायला हवं आणि ती निश्चल. परातीच्या कडेला टिचकी कोण मारणार? मी कॅमेऱ्यामागे, मदतीचा पोरगा दिव्यापाशी. तिने आपल्या पायाच्या अंगठ्याने परात हलवायला घेतली. कमरेपासून वर पुतळा, खाली अंगठ्याचा ठेका. स्क्रीन मी तिच्याकडे वळवून ठेवला होता. ती प्रत्येक फोटो बघायची आणि म्हणायची, "अजून हळू." किंवा "आता मासे ओठांवर जाऊ देते."

एक फोटो असा आला की पोरगासुद्धा बोलेना. अर्धा चेहरा काळोखात, गळ्यातल्या ठुशीवर आणि हनुवटीखाली उजेडाच्या लाटा, आणि तिची नजर खाली, परातीकडे, जणू ती त्या लाटा चेहऱ्यावर घेत नसून सोडत होती. मी तो पेढीला दाखवला. त्यांना ठरलेले फोटो नकोसे झाले; त्यांनी दिवाळीच्या जाहिरातीला तोच घेतला. कोपऱ्यात बारीक अक्षरांत छायाचित्रकाराचं नाव आलं. माझं.

मी मालकांना म्हणालो, तिचंही नाव घाला. ते म्हणाले, "मॉडेलचं नाव कुठे घालतात का हो? आणि कल्पना तुमचीच ना?" मी "हो" म्हटलं नाही. "नाही" सुद्धा म्हटलं नाही. फोनवर ती दोन सेकंदांची शांतता, तीही चांगली लांबलचक होती. नंतर मी तिला जास्त पैसे पाठवले, तिने घेतले, आभार मानले. नावाचा विषय तिने काढला नाही, मीही नाही.

त्याच आठवड्यात मी तुमचा तो न्हाणीघरातला फोटो पुन्हा पाहिला. ३० एप्रिल १९४५, म्युनिक, हिटलरच्या घरातला टब. युद्धाच्या बातमीदार म्हणून तुम्ही आणि सहकारी फोटोग्राफर डेव्हिड शर्मन सकाळी डाखाऊची छळछावणी पाहून तिथे पोहोचला होता. टबच्या काठावर हिटलरचा फोटो, शेजारी छोटा पुतळा, पुढे पायपुसण्यावर तुमचे बूट, आणि त्या शुभ्र पायपुसण्यावर डाखाऊचा चिखल. कळ दाबली शर्मन यांनी. पण बूट तिथे ठेवण्याची बुद्धी ज्या डोळ्याची होती, तो टबात बसला होता. मॉडेल पुन्हा एकदा तुम्हीच. या वेळी मात्र फोटोत काय असायचं आणि का, हे तुम्हांला पुरतं ठाऊक होतं. त्या फोटोखाली आज तुमचं नाव लिहितात, सोबत डेव्हिड शर्मन यांचं. दोन नावं, एका फोटोला. जगबुडी आली नाही.

पुढे तुम्ही हे सगळं गुंडाळून ठेवलंत. इंग्लंडमधल्या ससेक्सच्या घरात स्वयंपाकात रमलात, कुणी विचारलं तर उडवून लावत राहिलात. १९७७ साली तुम्ही गेलात आणि मग माळ्यावर खोकी सापडली, सुमारे साठ हजार निगेटिव्ह, प्रिंट, कागद. तुमच्या मुलाला आपली आई कोण होती ते तेव्हा कळलं. स्वतःचं नाव पुसण्याचं काम कधीकधी माणूस स्वतःही करतो, यावर मला काय म्हणायचंय ते मला अजून नीट सापडलेलं नाही. तुमच्यावर रागवावंसं वाटतं, आणि तो हक्क मला नाही.

तुमच्याकडून उत्तराची अपेक्षा नाही. मात्र त्या डार्करूमचा विचार करताना हल्ली मला दिवा लावणारा हात दिसतो. दिवा घाबरून लागला, हे खरं. पण मॉडेल म्हणून कित्येक तास दिव्यांखाली उभी राहिलेली बाई त्या खोलीत होती. उजेड कुठे पोहोचतो आणि कुठे थांबतो हे अंगावर वाचायची सवय असलेली. निगेटिव्हवरची ती रेघ मॅन रे यांना दिसली तेव्हा तुम्हांलाही दिसलीच असणार. कुणाला आधी, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आपला,
पेठेतला एक फोटोवाला

ता. क. हे पत्र लिहून झाल्यावर त्या मुलीला फोन केला. येत्या रविवारी अकरा वाजता तिला बोलावलंय, पेढीसाठी नाही, आमच्या दोघांसाठी. करारात नाव छापण्याबद्दल एक ओळ वाढवली आहे, ती चहाबरोबर तिला वाचायला देणार. ती म्हणाली, या वेळी परात नको, पितळी घंगाळं आणा. त्यात पाण्याला खोली मिळते. आणि पेढीच्या मालकांना रविवारनंतर मी पुन्हा फोन करणार आहे. काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलंय, कारण मागच्या वेळी मला शब्द सुचले नव्हते.